जमिनीच्या वापराची पाहणी आणि आपल्या बाजारपेठा

शहराची रचना ठरवू पाहणाऱ्या तज्ज्ञास पहिला प्रश्न पडतो तो अगदी साधा असतो : आज कोणत्या जागेवर काय चालू आहे ? जागा कोणाची, हा प्रश्न महसूल खात्याचा. तिची किंमत किती, हा दलालाचा. जमिनीच्या वापराची पाहणी करणारा मात्र एवढेच विचारतो की, येथे वसती आहे की दुकान, वखार आहे की शाळा, शेत आहे की पडीक रान. वर्षाअखेर गोदामातील मालाची मोजदाद केल्यावाचून जसा ताळेबंद जुळत नाही, तशी ही मोजदाद झाल्यावाचून शहराचा आराखडा आखता येत नाही. ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. तेलंगणातील खेड्यांत कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे याच्या नोंदपत्रकास 'पहाणी' असेच म्हणत आले आहेत. तेलुगू शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेला हा शब्द म्हणजे आपली मराठी 'पाहणी'च होय.

शास्त्रीय पद्धतीने संपूर्ण देशाची अशी पाहणी करण्याचा मोठा उपक्रम इंग्लंडमध्ये १९३० साली भूगोलाचे अध्यापक डडली स्टँप यांनी आरंभिला. हजारो शाळांतील विद्यार्थी हाती नकाशे घेऊन गावोगाव हिंडले व त्यांनी प्रत्येक शेताचा वापर नोंदविला. पुढे महायुद्धाच्या काळात धान्योत्पादन वाढविण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा विद्यार्थ्यांनी रंगविलेले हेच नकाशे सरकारच्या उपयोगी पडले.

आपल्या हैदराबादेस ही गरज संकटाने शिकविली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर आला. वरच्या खोऱ्यातील शेकडो तलावांपैकी दोनशेहून अधिक फुटले, अफजलगंज व कोळसावाडीचा भाग उद्ध्वस्त झाला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. त्यांच्या शिफारशींतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यामानाने कमी परिचित अशी गोष्ट म्हणजे १९१२ ते १९१५ या वर्षांत लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली झालेली शहराची मोजणी. गल्लीतील प्रत्येक इमारत वेगळी दिसावी इतक्या मोठ्या प्रमाणावर हे नकाशे काढलेले आहेत. १९१२ सालीच नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. पत्थरगट्टीवरील दगडी कमानींची दुकाने आणि १९३५ सालचे मोअज्जमजाही मार्केट ही त्या काळाची देणगी होय. शहराचे बारकाईचे नकाशे आणि सुनियोजित बाजारपेठा एकाच काळात निर्माण झाल्या, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे कार्य विद्वानांनी हाती घेतले. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचा पायंडा आधीच घालून दिला होता. हैदराबाद-सिकंदराबादेची तशी पाहणी एस. केशव अय्यंगार यांनी केली. ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. उस्मानिया विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक मंझूर आलम यांचा जुळ्या शहरांवरील ग्रंथ १९६५ साली निघाला. या अभ्यासांचे मोल असे की, त्यांत शहर हे केवळ रस्त्यांचे जाळे न राहता, कोठे काय चालते व का चालते याचा विचार झाला. चारमिनार-पत्थरगट्टीचा व्यापार नदी ओलांडून सुलतान बाजार व आबिड्सकडे सरकला, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. अभ्यासकांनी अशा गोष्टींस नकाशावर स्थान दिले.

परंतु या नकाशांत एक मोठी उणीव राहते, आणि ती नेमकी आपल्या पेठांच्या वाट्यास येते. नगररचनेच्या नकाशात वसतीस पिवळा, व्यापारास निळा, उद्योगास जांभळा असे रंग देण्याचा प्रघात आहे. आता बेगम बाजारातील एखादी जुनी इमारत घ्या. खाली किराण्याचे घाऊक दुकान, मागे वखार, पहिल्या माडीवर पेढी व वह्या, तिच्यावर एकत्र कुटुंबाचे बिऱ्हाड, आणि गच्चीखालच्या खोलीत पुन्हा माल ! हिला कोणता रंग द्यावा ? पाहणी करणारा रस्त्यावरून दुकान पाहतो आणि निळा रंग देऊन पुढे जातो. वरती माणसे निजतात, ही गोष्ट नकाशातून नाहीशी होते. नकाशात जे नाही त्यासाठी दुसरा जिना कोण मागणार ?

१८ मे २०२५ रोजी चारमिनारनजीक गुलजार हौज येथे लागलेल्या आगीत एकाच परिवारातील सतरा माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती. खाली दागिन्यांची दुकाने, वर वसती, आणि ये-जा करण्यास एकच अरुंद वाट. त्यापूर्वी १३ नोव्हेंबर २०२३ रोजी नामपल्लीच्या बाजारघाट भागात राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर साठविलेल्या रसायनांनी पेट घेतला व नऊ जण मृत्यू पावले. तेथील वरच्या मजल्यांवरील कुटुंबांस आपल्या पायांखाली काय आहे हे कळण्याचा अधिकार नव्हता काय ?

उपग्रहांच्या युगात हे काम आपोआप होईल, असा समज आढळतो. आपल्याच शहरातील बालानगर येथे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे. १९७४ साली सुरू झालेल्या संस्थेचे हे आजचे रूप. देशभरातील जमिनीच्या वापराचे नकाशे येथे तयार होतात. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या अशा नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील अर्धा किलोमीटर. तलाव किती आटला, शेतांच्या जागी किती घरे आली, हे त्यावरून उत्तम कळते. पण उपग्रहास छप्पर दिसते, छपराखालचे मजले दिसत नाहीत. त्यासाठी माणसानेच दारात येऊन विचारले पाहिजे.

आणि येथे आपल्या वर्तनाचा प्रश्न येतो. दारात वही घेऊन उभा राहिलेला माणूस कर वाढवावयासच आला, अशी आपली पक्की समजूत असते. मग वखारीस 'रिकामी खोली' म्हणावे, किंवा मुनीमजींनी 'शेठजी बाहेरगावी गेले आहेत' असे सांगावे, हे नित्याचेच. कराची भीती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पाहणीची माहिती कर-आकारणीसाठी वापरू नये, अशी लेखी हमी संघाने मागणे योग्यच ठरेल. तथापि जी वखार नोंदलीच गेली नाही तिच्यासाठी पर्यायी जागा, मालमोटारींचा तळ किंवा अग्निशामक बंबास वाट मागताना आपल्या हाती कसलाच पुरावा राहत नाही.

म्हणून संघाने मागणी करावी ती मजलावार पाहणीची. प्रत्येक मजल्याचा वापर स्वतंत्र रकान्यात लिहावा. रात्री तेथे किती माणसे राहतात, जिने किती, ज्वालाग्राही माल कोठे ठेवला आहे, विजेचे मीटर कोणत्या बोळात आहेत, हेही त्यात यावे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कायद्याप्रमाणे हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि त्यांस मुदत असते. जाहीर सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापून येते. सणासुदीच्या गर्दीत ती नजरेतून सुटते. संघाच्या कार्यालयात प्रत्येक पेठेचा नकाशा टांगलेला असावा व त्यावर आपल्या इमारतीस कोणता रंग दिला आहे, हे सभासदाने कुटुंबासह येऊन पाहावे. वरच्या माडीवर दिवसभर वावरणाऱ्या गृहिणीस त्या इमारतीचे जिने, खिडक्या व अडगळ दुकानात बसणाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असतात. तेव्हा मजल्यांचा तक्ता तिच्याकडूनच भरून घेणे इष्ट.