बेंद्रे-हुसेन : दोन नावांची एक शिष्यवृत्ती

मुलाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढले की आपल्या घरात काय होते ते सांगायला नको. “चित्रं काढून पोट भरणार आहे का?” हा प्रश्न ठरलेलाच. विचारणारा बाप काही वाईट नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे महिनाअखेर असते.

असाच एक बाप इंदूरला होता. कापड गिरणीत हिशेबाचे काम करणारा. मुलगा रंगांनी झपाटलेला. एके दिवशी या मुलाला रस्त्याच्या कडेला निसर्गचित्र रंगवत बसलेले नारायण श्रीधर बेंद्रे दिसले. बेंद्रे स्वतःच तेव्हा ऐन तरुण. मुलाने त्यांना घरी नेले, बेंद्र्यांनी वडिलांची समजूत घातली आणि त्या हिशेबनीस बापाने मुंबईहून तैलरंग नि कॅनव्हास मागवले. हा मुलगा म्हणजे १९१५ साली पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. मीही आकडेमोडीच्याच नोकरीत आहे, म्हणून मला या गोष्टीत मुलापेक्षा बापाचेच जास्त कौतुक वाटते!

पुढचा रस्ता सोपा नव्हता. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे भलेमोठे बोर्ड रंगवून दिवस काढले, लाकडी खेळण्यांचे नमुने केले. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळाले आणि बोर्ड रंगवणारा माणूस चित्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. बेंद्र्यांना याच सोसायटीचे सुवर्णपदक १९४१ मध्ये मिळाले होते. १९५० पासून त्यांनी बडोद्यात चित्रकारांची एक पिढी घडवली. १९९२ मध्ये ते गेले. हुसेन २०११ मध्ये लंडनला.

ही सोसायटी १८८८ सालची. साहेबांच्या पुढाकाराने सुरू झालेली, हळूहळू आपल्या माणसांची झालेली. ती होतकरू चित्रकारांना बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्ती देते. आज नावारूपाला आलेल्या कितीतरी कलावंतांच्या परिचयपत्रात सुरुवातीलाच ही ओळ सापडते. पैसा रंगांत संपतो, ओळ टिकते. पहिले प्रदर्शन मांडू पाहणाऱ्या, मागे कोणी नसलेल्या मुलाला या ओळीचा मोठा आधार असतो.

आणखी एक नाव सांगायलाच हवे, कृष्णाजी हौलाजी आरा. हैदराबादजवळच्या बोलारमचे. मुंबईत लोकांच्या घरी कामे केली, गाड्या धुतल्या आणि उरल्या वेळात चित्रे काढली. नाव झाल्यावरही काळा घोड्याच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये राहून त्यांनी नव्या मुलांना हात दिला. १९८५ मध्ये ते वारले.

आता कामाचे बोलू. मुलाला शाळेतूनच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला जादा गुण मिळतात. काढलेली चित्रे रद्दीत घालू नका. मागे तारीख टाकून सपाट ठेवा. फोटो काढायचा तर दिवसाच्या उजेडात, चित्राच्या अगदी समोरून. फॉर्मची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी फॉर्म भरून देतो तेव्हा पाहतो, चित्रे उत्तम असतात, पण जन्मतारखेचा दाखला आणि बँकेचे पासबुक ऐनवेळी सापडत नाही. मुलीच्या बाबतीत तर फॉर्मच घरी येत नाही. तो आणा. अमृता शेरगिलला १९३७ मध्ये याच सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक सुचवणे. प्रत्येक वस्तीत एक जुना पेंटर असतो. जयंतीचे कापडी बॅनर, भिंतीवरची अक्षरे, व्यासपीठामागचे पडदे, सगळे त्याच्या ब्रशचे. पुष्कळदा मोबदला चहा-पाव. फ्लेक्स आला आणि त्याचे काम गेले. यंदा एका फ्लेक्सचा खर्च वाचवा. त्याच्या नावाने वस्तीतल्या एका मुलाला नि एका मुलीला वर्षभर पुरतील एवढे रंग, ब्रश आणि कागद द्या. तो हयात असेल तर त्याच्याच हस्ते द्या, आणि कुणाला द्यायचे हेही त्यालाच ठरवू द्या. चित्र कुणाच्या हातात आहे, हे तो आपल्यापेक्षा लवकर ओळखील.