पावाला बुरशी येते ती कशाच्या जोरावर?

पावसाळ्यात आणलेली पावाची लादी दोन-तीन दिवसांनी उघडली, तर एखाद्या पावाच्या कडेला हिरवट ठिपका हमखास सापडतो. त्याच फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात खारी आणि टोस्ट मात्र महिनाभर धड राहतात. झाकण सैल राहिलं तर खारी सादळते, पण तिला सहसा बुरशी येत नाही. दोन्ही मैद्याचे, दोन्ही बेकरीतले. मग बुरशी पावाच्याच वाट्याला का? याचं उत्तर मिळालं की पाव कसा ठेवायचा तेही आपोआप कळतं.

भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावात जिवंत बुरशी जवळजवळ नसतेच. भाजताना पावाचा गाभा ९० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि पिठातून आलेले बुरशीचे बीजाणू त्यात मरतात. पुढे पाव गार होताना, त्याचे काप होताना, तो बांधला जाताना हवेतले नवे बीजाणू त्यावर बसतात. हे इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना एकेकटा दिसत नाही. ते पिठाच्या धुरळ्यात असतात, सुरीच्या पात्यावर असतात, ब्रेडच्या डब्याच्या कोपऱ्यात साठलेल्या चुऱ्यात तर असतातच. त्यांना पूर्ण अडवणं घरात कुणालाच जमणार नाही. ते उगवू नयेत एवढंच आपल्या हातात असतं.

बीजाणूला ओल मिळाली की तो पाणी शोषून फुगतो आणि त्याला धागा फुटतो. धाग्याला फाटे फुटत जातात आणि पावाच्या जाळीत जाळं पसरतं. बुरशीला तोंड नाही, पोटही नाही. ती आपले पाचकरस बाहेर पावातच सोडते, तिथे स्टार्चची साखर होते आणि ती साखर धागे शोषून घेतात. या टप्प्यावर वर दिसलीच तर फिकट पांढरी लव दिसते. रंग येतो तो नवे बीजाणू तयार झाल्यावर. ऱ्हायझोपस या बुरशीच्या पांढऱ्या लवेवर टाचण्यांच्या डोक्यांसारखे काळे ठिपके उभे राहतात; निळसर-हिरवी भुकटी बहुधा पेनिसिलियमची असते. म्हणजे ठिपका दिसला तेव्हा बुरशी नुकतीच आलेली नसते, तिची पुढची पिढी तयार झालेली असते.

आता तिच्या गरजा पाहू. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गरज पाण्याची. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा मोकळं पाणी किती, याला इथे महत्त्व आहे. हे मोकळेपण ० ते १ या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी १ वर, ताजा पाव ०.९५ च्या आसपास. बहुतेक बुरशींना वाढायला साधारण ०.८० तरी लागतं आणि ०.६० च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. कडक टोस्ट त्याच्याही बराच खाली असतो. मुरंब्यात पाणी दिसतं, पण त्यातलं बरंचसं साखरेने धरून ठेवलेलं असतं, म्हणून तो टिकतो. पावातलं पाणी मात्र बुरशीला घ्यायला मोकळं असतं.

पावाची भाजलेली पाठ गाभ्यापेक्षा कोरडी असते, त्यामुळे तिथे बुरशीला जम बसवणं थोडं कठीण जातं. लादीतले पाव एकमेकांना चिकटून भाजलेले असतात. पाव तोडला की त्याची बाजू पांढरी, मऊ आणि ओलसर उघडी पडते. ठिपका बऱ्याचदा त्याच बाजूला दिसतो. म्हणून लादी लागेल तशीच तोडावी. कोमट पाव प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर पिशवीला आतून घाम येतो, जसा गरम पोळ्या डब्यात भरल्यावर झाकणाला येतो. ते थेंब जिथे पडतात तिथे बुरशीची सोय आधी होते.

दुसरी गरज उबेची. २० ते ३० अंश तापमान तिला मानवतं आणि कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात हवा जवळपास तेवढीच असते. फ्रिजमध्ये ऱ्हायझोपस जवळजवळ थांबते, पण पेनिसिलियमच्या काही जाती तिथेही सावकाश वाढतात. शिवाय फ्रिजमध्ये पाव लवकर कडक होतो. थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात म्हणून तसं होतं. तो पाव शिळा, पण बुरशी आलेला नव्हे. गरम केला की बराचसा मऊ होतो. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना मात्र बुरशीची वाढ पूर्ण थांबते. थांबते म्हणजे मरते असं नाही. बाहेर काढलेला पाव लगेच वापरावा.

तिसरी गरज हवेतल्या ऑक्सिजनची. पावाच्या जाळीतच हवा असल्याने घरी पिशवी घट्ट बांधून तो तोडणं साधत नाही. गरजा झाल्या; आता तिला रोखणारा एक उपाय, ज्याला आम्लतेची साथ लागते. पाकीटबंद ब्रेडच्या वेष्टनावर ‘२८२’ असा आकडा दिसतो, तो कॅल्शियम प्रोपियोनेटचा. आम्लता किंचित असली की ते बुरशीची वाढ रोखतं आणि यीस्टला फारसं अडवत नाही, म्हणून पाव फुगायचा थांबत नाही. त्यानेही बुरशी कायमची टळत नाही, काही दिवस पुढे जाते.

ठिपका दिसल्यावर तेवढाच तुकडा काढून बाकीचा पाव खाऊ नये. मऊ पावात धागे ठिपक्याच्या बरेच पलीकडे गेलेले असू शकतात. काही बुरशी विषारी द्रव्यं तयार करतात आणि ती भाजल्यानेही पुरती नष्ट होत नाहीत. हुंगूनही पाहू नये, बीजाणू नाकात जातात. ते पाकीट बांधून टाकून द्यावं, डबा धुऊन पूर्ण वाळवावा आणि मगच त्यात नवा पाव ठेवावा.

पाव दोन दिवसांत संपणार नसेल, तर उरलेले काप पहिल्याच दिवशी मंद आचेवर कडक भाजावेत आणि गार झाल्यावर डब्यात भरावेत. चहाला टोस्ट होतो, कटलेटला चुरा होतो. बीजाणू त्यावरही बसतातच, पण उगवायला लागणारं पाणी त्यांना मिळत नाही.