इन्स्टंट कॉफी बिघडते कुठे?

मंडळी, व्याख्यानानंतरच्या कॉफीबद्दल सगळेच कुरकुर करतात. म्हटलं, आज तिच्याबद्दलच बोलू या. ती बिघडते कुठे? माझं उत्तर असं : आपण तिला चहासारखी वागवतो, तिथे.

चहाची पत्ती उकळतो, कारण तिचा अर्क अजून उतरायचा असतो. इन्स्टंट कॉफीचं तसं नाही. कारखान्यात बिया भाजून, दळून, गरम पाण्यात अर्क काढलेला असतो. मग गरम हवेत त्याचे तुषार सोडून, नाहीतर तो गोठवून, त्यातलं पाणी काढून टाकतात. ब्राझीलमध्ये शिल्लक पडलेल्या कॉफीचं करायचं काय, या प्रश्नातून १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली, ती अशीच.

म्हणजे बघा, कॉफी एकदा होऊन गेलेली आहे. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो, की कार्य कारणात आधीच असतं, ते फक्त व्यक्त होतं. तो इथे चमच्यात सापडतो! आपल्याला नवं काही घडवायचं नाही. आहे ते बिघडवायचं नाही. वाळवताना बराच सुगंध आधीच गेलेला असतो. उरलेला उकळून का घालवायचा?

आता कृती. दीडशे मिलिलिटरच्या कपाला एक सपाट चमचा, साधारण २ ग्रॅम. चमचा कोरडाच हवा. ही भुकटी ओल ओढून घेते आणि बरणीत तिचा दगड होतो. कपात कॉफी, हवी तर साखर, आणि चमचाभर साधं पाणी. गुठळी मोडेपर्यंत ढवळा. साखर घालून पाच मिनिटं फेटलंत, तर त्यात हवा शिरते, रंग फिका होतो आणि दाट पाकामुळे फेस टिकतो. पाणी किंवा दूध उकळलं, की मिनिटभर थांबून मग ओता.

डब्यावरचं बारीक अक्षरही वाचा. चिकोरी किती, ते तिथे लिहिलेलं असतं. चिकोरी हे भाजलेलं मूळ. ती वाईट नाही, पण ती कॉफी नव्हे. कडूपणा वाढला म्हणजे कॉफी वाढली, असं समजू नका.

पाहुणा आला की हे सगळं आपण निगुतीने करतो. एकटे असलो की नळाच्या कोमट पाण्यात भुकटी ढवळतो आणि म्हणतो, चालतंय. माझ्या वयाच्या, एकट्याने राहणाऱ्या मित्रांना मी सांगतो : स्वतःसाठीसुद्धा कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या. 'चालतंय' म्हणायची सवय कॉफीपाशी थांबत नाही. ती जेवणापर्यंत जाते, औषधांपर्यंत जाते.

बरं, आता प्रश्न घेऊ या.