काउंटर गप्प का आहे?

गायगर काउंटर सुरू केला की तो कधीच पूर्ण गप्प बसत नाही. आसपास संशय घ्यावा असं काही नसलं, तरी भिंतीच्या विटा, पायाखालची माती आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण यांच्यामुळे हातात मावणारा साधा काउंटर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा टिकटिकतो. ही टिकटिक थांबली तर काळजी करायला हवी. एक तर बॅटरी संपलेली असते किंवा नळीतला वायू गळून गेलेला असतो. दुसरी शक्यता मात्र भयंकर आहे. नळीत एक किरण शिरला की वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, विजेचा लोंढा उसळतो आणि त्यानंतर सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाइतका वेळ नळी आंधळी असते. किरणांचा मारा फारच तीव्र असला तर तिला सावरायला उसंत मिळत नाही. काही साध्या बनावटीचे काउंटर अशा वेळी थेट शून्य दाखवतात. जिथून माणसाने पळ काढायचा, तिथेच यंत्र सांगतं की सगळं ठीक आहे.

म्हणूनच किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणारी माणसं बाहेर पडण्याआधी काउंटरला एखादी ओळखीची, किरणोत्सारी वस्तू दाखवतात. तिला म्हणतात चेक सोर्स. काल या वस्तूजवळ जो आकडा आला तोच आज आला, तर यंत्र जागं आहे. प्रयोगशाळेत यासाठी सिझियम-१३७ ची छोटीशी सीलबंद चकती असते. पण ही चकती येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम निसर्गातले दगड करत आले आहेत.

माझ्या पिढीच्या वाचकांनी असा एक चेक सोर्स हाताळलेलाही असेल. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणारी गॅसबत्ती आठवा. तिच्या काचेआड जो पांढरा, जाळीदार, हात लागताच भुगा होणारा मँटल असे, त्यात थोरियमचं ऑक्साइड असे. हे थोरियम केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून निघे. तापलं की ते लख्ख पांढरा प्रकाश देतं, म्हणून ते वापरत. किरणोत्साराशी त्या वापराचा काही संबंध नव्हता. पण पातळ अभ्रकाची खिडकी असलेल्या काउंटरपुढे असा न जाळलेला मँटल धरला की टिकटिकीचा खडखडाट होतो. मध्ये साधा कागद धरला की तो उतरतो, कारण अल्फा कण कागदात अडकतात. ॲल्युमिनियमचा पत्रा धरला की आणखी खाली येतो. बीटा कण अडले. उरतो तो गॅमा. आता बाजारात येणाऱ्या बऱ्याच मँटलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम असतं. त्यांच्यापुढे काउंटरचा आकडा ढिम्म हलत नाही.

युरेनियमचा दगड याहून गुंतागुंतीचा. युरेनियम-२३८ फुटलं की थांबत नाही. त्यातून थोरियम, मग प्रोटॅक्टिनियम, पुढे रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशी चौदा पायऱ्यांची उतरंड लागते आणि शेवटी शिसं उरतं. दगड कोट्यवधी वर्षं न फुटता पडून राहिला असेल तर प्रत्येक पायरीवर सेकंदाला सारखेच अणू फुटत असतात. दगडातल्या एक ग्रॅम युरेनियममागे सेकंदाला साधारण पावणेदोन लाख स्फोट होतात. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेवढ्याच युरेनियममध्ये ही संख्या पंचवीस हजारांच्या आसपास असते, कारण युरेनियम सोडून बाकीची सगळी वंशावळ शुद्धीकरणात गाळली जाते. ओबडधोबड खनिज शुद्ध धातूपेक्षा अधिक किरणोत्सारी, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. १८९८ साली पॅरिसमध्ये मारी क्यूरी यांनाही हेच दिसलं. बोहेमियातल्या योआखिमस्थालच्या खाणीतलं पिचब्लेंड त्यातल्या युरेनियमच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त सक्रिय निघत होतं. मग त्यांनी चाल्कोलाइट नावाचं दुसरं युरेनियम खनिज प्रयोगशाळेत स्वतः तयार केलं. ते हिशेबाबरहुकूम वागलं, निसर्गातलं मात्र नाही. यंत्र बरोबर होतं आणि दगडात अनोळखी काहीतरी दडलेलं होतं. त्यातूनच पोलोनियम आणि रेडियम सापडले.

दिल्लीचं या दगडांशी जुनं नातं आहे. देशातली अणुखनिजं शोधण्यासाठी १९४९ मध्ये जे पथक उभं राहिलं, ते भूशास्त्रज्ञ दाराशा नोशेरवान वाडिया यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत. आज हैदराबादला मुख्यालय असलेलं परमाणु खनिज संचालनालय ते हेच. १९५१ मध्ये आजच्या झारखंडमधलं जादुगुडा सापडलं. तिथल्या खनिजात किलोमागे एक ग्रॅमसुद्धा युरेनियम नसतं. कॅनडातल्या काही खाणींशी तुलना केली तर हे अगदीच किरकोळ. तरी मूठभर दगडातून सेकंदाला काही हजार स्फोट होतात आणि चांगला काउंटर ते टिपतो.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हरियाणाचा भिवानी जिल्हा येतो आणि त्यात तोशामची टेकडी. तिथला ग्रॅनाइट खडक भूशास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम नेहमीच्या ग्रॅनाइटपेक्षा अधिक आहे, इतकं की त्यांच्या विघटनातून निघणाऱ्या उष्णतेमुळे त्याची गणना जास्त उष्णता निर्माण करणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये होते. संवेदनशील डिटेक्टर घेऊन यमुनेच्या गाळावरून अशा खडकावर गेलं तर आकडा चढताना दिसतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. हा पृथ्वीचा स्वभाव आहे आणि डिटेक्टर नीट चालत असेल तर त्याला तो कळायलाच हवा.

मग असा दगड विकत घ्यावा का? अमेरिकेत प्रक्रिया न केलेलं खनिज बाळगायला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे डबीत बंद केलेले तुकडे सर्रास विकले जातात. ते पाहून आपल्याकडचे हौशी तरुणही मागवायचा विचार करतात. त्यांना कळकळीने सांगायचं आहे की हे करू नका. आपल्या अणुऊर्जाविषयक कायद्याखाली युरेनियम आणि थोरियम हे विहित पदार्थ आहेत आणि परवान्याशिवाय ते मिळवणं, बाळगणं वा विकणं गुन्हा आहे. शिवाय दगडाची भुकटी नाकातोंडात गेली तर अल्फा कण आतून इजा करतात, आणि बंद डबीत रेडॉन साठून राहतो तो वेगळाच. पूर्वी खाणपट्ट्यातून आणलेला नमुना एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात असेल, तर त्याची नोंद, कुलूप आणि जबाबदार व्यक्ती ठरलेली हवी.

दगड आणखी एक गोष्ट करू शकत नाही. यंत्र जागं आहे हे तो सांगतो, यंत्र खरं बोलतंय की नाही हे सांगत नाही. त्यात नेमकं किती युरेनियम आहे, रेडॉन किती निसटला, कोणता किरण किती येतोय, यातलं काहीच मोजून ठेवलेलं नसतं. मात्रा अचूक मोजायची तर प्रमाणित स्रोत लागतो. आपल्या देशात किलो, मीटर, सेकंद यांची राखण दिल्लीत पुसाजवळची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते, पण किरणोत्साराच्या मापांची जबाबदारी मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. डिटेक्टरचं रीतसर कॅलिब्रेशन त्या मापाशी जोडलेलं असावं लागतं.

एका बाबतीत मात्र दगड उत्तम मोजपट्टी आहे. सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरणारे डिटेक्टर किरणांची संख्या मोजतात, त्याचबरोबर प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जाही. युरेनियमच्या वंशावळीतलं शिसं-२१४ हे ३५२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ठळक रेषा देतं, बिस्मथ-२१४ हे ६०९ ला आणि पुढे १७६४ ला. थोरियमच्या वंशातलं थॅलियम पार २६१४ ला. या खुणा निसर्गाने ठरवलेल्या आहेत, त्या हलत नाहीत. हलतो तो आपला डिटेक्टर. स्फटिकाचा प्रकाश आणि त्यामागची प्रवर्धक नळी तापमानाप्रमाणे बदलतात. दिल्लीत जानेवारीची पहाट पाच अंशांवर आणि मेची दुपार पंचेचाळीसवर. हिवाळ्यात जुळवलेलं यंत्र उन्हाळ्यात जसंच्या तसं वापरलं तर रेषा सरकतात. कोबाल्ट-६० ची वरची रेषा १३३२ ला आहे आणि खत, टाइल, माती या सगळ्यांतल्या निरुपद्रवी पोटॅशियम-४० ची १४६१ ला. दोघींत अंतर आहे जेमतेम दहा टक्क्यांचं. एवढंच यंत्र सरकलं आणि वापरणारा त्या एकाच रेषेवर विसंबून राहिला, तर कोबाल्टला पोटॅशियम समजण्याचा धोका आहे.

कोबाल्टचं नाव मुद्दाम घेतलं, कारण दिल्लीने त्याची किंमत मोजलेली आहे. पश्चिम दिल्लीतलं मायापुरी म्हणजे देशातल्या मोठ्या भंगार बाजारांपैकी एक. अरुंद गल्ल्या, दुकानांबाहेर इंजिनांचे ढीग, गॅस कटरच्या ठिणग्या. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक यंत्र लिलावातून इथे पोहोचलं. ते होतं १९६० च्या दशकाअखेरीला कॅनडातून आणलेलं, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा करणारं गॅमासेल, १९८५ पासून वापराविना पडून असलेलं. कामगारांनी ते फोडलं. शिसं वेगळं काढलं, कारण शिशाला भाव येतो. आत चकचकीत धातूचे तुकडे होते. एकाने तर एक तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला.

आधी मळमळ, उलट्या. मग केस गळणं, कातडी काळी पडणं. एप्रिलच्या सुरुवातीला एक दुकानदार अशा अवस्थेत खासगी रुग्णालयात दाखल झाला, तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. मग शोधपथकं डिटेक्टर घेऊन गल्ल्यांत शिरली आणि तुकडे शोधून शिशाच्या जाड पात्रांत भरले. ते नरोराच्या अणुवीज केंद्रात हलवण्यात आले. सात जण होरपळले. त्यांतला एक कामगार २६ एप्रिलला वारला, वय पस्तिशीचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सात पातळ्यांच्या मापकावर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

इथे हिशेब करून पाहावा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. यंत्र आणल्यापासून चाळीस-बेचाळीस वर्षं, म्हणजे सुमारे आठ अर्धायुष्यं; मूळ किरणोत्साराचा एक अडीचशेवा हिस्सा उरला होता आणि तेवढ्याने माणूस मेला. शुद्ध कोबाल्ट-६० च्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला ४२ लाख कोटी अणू फुटतात. एक ग्रॅम शुद्ध युरेनियमच्या ते दीडशे कोटी पटींहून अधिक. युरेनियम हे नाव ऐकताच आपण दचकतो. पण मायापुरीत जे घडलं ते खाणीतल्या कुठल्याच दगडाने घडवलेलं नाही. ते घडवलं विसरल्या गेलेल्या एका यंत्राने. आणि विभागाच्या खोलीपासून दुकानाच्या ओट्यापर्यंत, मधल्या कुठल्याच टप्प्यावर कुणी त्याला काउंटर लावला नाही. विद्यापीठाजवळच तिमारपूरला किरणोत्साराच्या परिणामांवर संशोधन करणारी डीआरडीओची संस्था, इन्मास, आहे. तरी या प्रवासात धोका पहिल्यांदा ओळखला तो माणसाच्या कातडीने. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

तपासणी झाली अशी उलट बाजूची उदाहरणंही आहेत. मे २०२१ मध्ये मुंबईत दहशतवादविरोधी पथकाने सात किलोंहून अधिक युरेनियम पकडलं. भाभा केंद्राच्या तपासणीत ते नैसर्गिक युरेनियमच निघालं. पुढच्याच महिन्यात झारखंडमधल्या बोकारोत सहा किलो ‘युरेनियम’ पकडल्याची बातमी झाली, परदेशातून प्रतिक्रिया आल्या, आणि तपासणीअंती ते युरेनियम नव्हतं, किरणोत्सारी सुद्धा नव्हतं. एका ठिकाणी खरं, दुसरीकडे खोटं. नजरेला दोन्ही सारखंच.

म्हणून दिल्ली आणि आसपासच्या प्रत्येक भंगार बाजारात, वितळभट्टीच्या फाटकावर काउंटर हवा, आणि तो रोज तपासलेला हवा. त्यासाठी युरेनियमचा दगड लागत नाही, परवाना लागत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारं म्युरेट ऑफ पोटॅश पुरेसं आहे. पोटॅशियममध्ये निसर्गतःच पोटॅशियम-४० असतं आणि एका ग्रॅममागे सेकंदाला साधारण एकतीस अणू फुटतात. पन्नास किलोच्या पोत्यात हा आकडा साडेसात लाखांच्या वर जातो. बंदरांवर खताचे आणि टाइलचे ट्रक जाताना किरणोत्साराचे भोंगे वाजतात ते याचमुळे. या खतातलं किलोभर जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून, झाकण पक्कं करून फाटकापाशी ठेवावं. डब्यावर काउंटर टेकवायची जागा खडूने आखून घ्यावी. सकाळी काउंटर आधी मोकळ्या हवेत दहा मिनिटं, मग डब्याला टेकवून दहा मिनिटं. दहा मिनिटं एवढ्याचसाठी की शंभर टिकटिकींत दहाची वधघट निव्वळ योगायोगाने होते; मोजणी जितकी मोठी, तितका आकडा भरवशाचा. दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहावेत. कालच्या आणि आजच्या आकड्यांत मोठा फरक पडला तर त्या दिवशीचा पहिला ट्रक आत घेण्याआधी काउंटर दुरुस्तीला जावा आणि दुसरा मागवावा.