इलेक्ट्रॉनच्या वेषातले पायॉन

२३ मार्च २०२१ रोजी सर्नच्या एलएचसीबी गटाने ३.१ सिग्माचा निकाल जाहीर केला आणि स्टँडर्ड मॉडेलला तडा गेल्याची चर्चा जगभर सुरू झाली. बी-मेसॉनचा क्षय होऊन केऑन आणि म्युऑनांची जोडी निघते ती वीस लाखांत जेमतेम एकदा. म्युऑनांऐवजी इलेक्ट्रॉनांची जोडीही तितक्याच वेळा निघायला हवी, कारण वस्तुमान सोडले तर निसर्ग या लेप्टॉनांत भेद करत नाही. म्हणजे म्युऑन-जोड्यांना इलेक्ट्रॉन-जोड्यांनी भागून येणारे गुणोत्तर १ यायला हवे, आले ०.८४६. एकवीस महिन्यांनी, २० डिसेंबर २०२२ रोजी, २०११ ते २०१८ च्या त्याच टकरी पुन्हा तपासून त्याच गटाने ०.९४९ हा आकडा दिला आणि विसंगती विरली. ही माघार मला त्या गाजलेल्या घोषणेहून मोलाची वाटते, कारण चूक कुठे दडली होती ते तिने दाखवले.

म्युऑन शोधकातून आरपार जातो, त्यामुळे तो ओळखायला सोपा. इलेक्ट्रॉन मात्र वाटेतल्या पदार्थात फोटॉन फेकून ऊर्जा गमावतो. ती गोळा करून हिशेबात धरली तरी बी-मेसॉनच्या वस्तुमानाचे शिखर पसरटच राहते. त्या पसरटपणात घुसखोरांना जागा मिळते. पायॉन किंवा केऑन कधीकधी कॅलरीमापीत इलेक्ट्रॉनसारखाच ठसा उमटवतो. असे कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले की छेद फुगतो आणि गुणोत्तर १ च्या खाली घसरते. २०२२ मध्ये ओळखीचे निकष कडक केले गेले, आणि इलेक्ट्रॉनच्या कसोटीत नापास झालेले कण वेगळे काढून, पास झालेल्यांत किती तोतये उरले असतील याचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींवरूनच बांधला गेला.

यावर आक्षेप येतो की पडताळणी आधीही झाली होती. जे-साय कणामार्गे होणाऱ्या क्षयात गुणोत्तर ०.९८१ आले होते, म्हणजे जवळपास १. पण तो क्षय शंभरपटीहून अधिक मुबलक असतो, त्यामुळे मूठभर तोतये त्यात बुडून जातात. त्या पडताळणीने शोधकाची कार्यक्षमता तपासली, दुर्मीळ नमुन्याची शुद्धता नाही. ३.१ सिग्मा म्हणजे योगायोगाची शक्यता हजारात एक. पण त्या आकड्यात फक्त योगायोग आणि आधीच माहीत असलेल्या त्रुटी धरलेल्या असतात. लक्षातच न आलेली त्रुटी त्यात कुठून येणार?

मग लेप्टॉनांची समानता निर्विवाद ठरली का? नाही. टाऊ लेप्टॉन देणाऱ्या बी-क्षयांचे प्रमाण अपेक्षेहून जास्त असल्याचे बाबर प्रयोगाने २०१२ मध्ये दाखवले, आणि बेल व एलएचसीबीची मोजमापे धरूनही ती तफावत साधारण तीन सिग्माच्या आसपास टिकून आहे. ०.८४६ चे जे झाले त्यावरून हिलाही निकालात काढणे घाईचे होईल. तिथली मोठी अडचण निसटून जाणाऱ्या न्यूट्रिनोंची आहे, आणि तिथले तोतये वेगळ्या वाटेने शोधावे लागतील.