सावली काळी नसते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी चित्रकलेचा शिक्षक. आयुष्यातली तीसएक वर्षं आर्णी आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी तयार करण्यात गेली. पेस्टल रंगांत उजेड आणि सावली कशी दाखवायची, हा आजचा विषय. तो मी निवडला, कारण याच विषयात माझ्याकडून एक चूक झाली होती.

आठवीच्या वर्गाला मी स्मरणचित्रासाठी ‘कापूस वेचणी’ हा विषय दिला होता. मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. एका मुलीने धुऱ्यावर ओतलेला कापसाचा ढीग काढला आणि त्याच्या सावलीच्या बाजूला जांभळा रंग भरला. मी म्हटलं, “अगं, कापूस कधी जांभळा असतो का?” ती हळूच म्हणाली, “सर, पण सावलीत तसाच दिसते.” मी काळ्या पेस्टलची कांडी घेतली आणि तिच्या कागदावर माझ्या हाताने सावली काळी केली. त्यानंतर ती मुलगी सगळ्या सावल्या काळ्याच करू लागली. परीक्षेत तिला चांगली श्रेणीही मिळाली. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

ती बरोबर होती. का, ते सांगतो.

उन्हात ठेवलेल्या वस्तूवर दोन उजेड पडत असतात. एक सूर्याचा थेट उजेड, जरासा पिवळसर. दुसरा आकाशाचा, निळसर. आकाशाच्या उजेडाकडे आपलं लक्ष जात नाही, कारण सूर्यापुढे तो फिका पडतो. पण जिथे सूर्याचं ऊन पोचत नाही, तिथे आकाशाचाच उजेड उरतो. सावली म्हणजे उजेड नसलेली जागा नव्हे. सावली म्हणजे सूर्य वजा झाल्यावर उरलेला उजेड. कापसासारख्या पांढऱ्या वस्तूवर तो निळा-जांभळा दिसतो, कारण पांढऱ्या वस्तूला स्वतःचा असा रंग फारसा नसतो, पडेल तो उजेड ती परत करते. शिवाय खालची जमीनही आपला वाटा देते. ढीग लाल मुरमाच्या आवारात असेल, तर त्याच्या खालच्या अंगाला विटकरी-गुलाबी झाक येते. तोच ढीग काळ्या रानात असेल, तर काळी माती फारसं काही परत करत नाही आणि खालची बाजू गडद राहते. चित्रकलेच्या वर्गात याला परावर्तित प्रकाश म्हणतात.

मग हे आपल्याला दिसत का नाही? कापूस पांढरा असतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं आणि त्या माहितीवर डोळा निर्धास्त राहतो. एक सोपा उपाय आहे. वहीच्या कागदाची सुरळी करा, एक डोळा मिटा आणि त्या नळीतून फक्त सावलीतला तुकडा पाहा. आजूबाजूचं सगळं नाहीसं झालं की तो रंग तुमच्यापुढे उघडा पडतो.

आणखी एक प्रयोग घरात करण्याजोगा आहे. भारनियमनाच्या काळात आपण सगळ्यांनी मेणबत्तीच्या उजेडात संध्याकाळी काढल्या आहेत. दिवेलागणीच्या वेळी, बाहेर थोडा उजेड असताना, खिडकीजवळ पांढरा कागद ठेवा. त्यावर एक पेन्सिल उभी करा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला मेणबत्ती लावा. पेन्सिलीच्या दोन सावल्या पडतील. मेणबत्तीने पाडलेली सावली निळी दिसेल आणि खिडकीच्या उजेडाने पाडलेली नारिंगी. पेन्सिल एक, कागद एक आणि सावल्यांचे रंग दोन! जर्मन कवी गटे याने १८१० साली प्रसिद्ध केलेल्या रंगांवरच्या ग्रंथात अशा रंगीत सावल्यांचं वर्णन केलं आहे. पुढे फ्रान्समधल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली शेजारशेजारच्या रंगांविषयी मोठा ग्रंथ लिहिला. गालिच्यांच्या सरकारी कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. एका रंगाशेजारी ठेवला की दुसरा रंग वेगळाच भासतो, हे त्याने दाखवून दिलं. पिवळ्या उन्हाशेजारची सावली अधिकच जांभळी वाटते, त्यात या भासाचाही वाटा असतो.

आता पेस्टलकडे वळू. खरं पेस्टल म्हणजे सुकं पेस्टल. रंगाची पूड, थोडी खडूसारखी पांढरी माती आणि कांडी जेमतेम टिकेल इतकाच डिंक. यात तेल नाही. त्यामुळे कालांतराने पिवळा पडणारा तेलाचा थर त्यावर येत नाही आणि उजेड थेट रंगाच्या कणांवर पडून परततो. हा रंग इतका ताजा दिसतो तो त्यामुळेच. शाळेच्या दप्तरात असतात ती तेलकट पेस्टल्स. त्यात मेण आणि तेल असतं. घडण वेगळी असली, तरी उजेडाचे नियम दोन्हींना सारखेच लागू पडतात. लहान मुलांच्या हाती तेलकट पेस्टलच बरं. सुक्या पेस्टलची धूळ उडते आणि काही रंगांची पूड पोटात जाणं चांगलं नसतं. मोठ्यांनीही कागदावरची धूळ फुंकू नये. कागद उभा धरून मागून टिचकी मारावी.

समजा, तोच कापसाचा ढीग रंगवायचा आहे. पहिली गोष्ट, कागद पांढरा घेऊ नका. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस दाखवणार कसा? वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद किंवा राखाडी हातकागद घ्या. कागद जरा खरखरीत हवा, म्हणजे रंग धरतो. जलरंगात पांढरी जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. पेस्टलमध्ये उलट आहे. कागदाचा रंग हीच मधली छटा धरायची, तिथून खाली गडदाकडे जायचं आणि शेवटी वर उजेडाकडे.

दुसरी गोष्ट, डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड, मधली छटा, सावली असे तीन भाग राहतात. ते हलक्या हाताने आखून घ्या. सावलीच्या भागात आधी मळकट जांभळा, त्यावर निळ्याच्या तिरप्या रेघा आणि बुडाशी मुरमाचा विटकरी. ढिगाची जमिनीवर पडलेली सावली, म्हणजे पडछाया, तपकिरी आणि गडद निळा एकावर एक देऊन करा. हे दोन रंग मिळून काळ्याइतका गडद रंग देतात, पण तो जिवंत राहतो. पडछायेची कड ढिगाजवळ धारदार असते आणि दूर जाताना सैल होते. सूर्य हा ठिपका नाही, आपल्याला तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून असं होतं. ओट्याच्या खांबाची सावली बघा. पायथ्याशी रेघ मारल्यासारखी आणि टोकाला विरघळलेली दिसेल.

तिसरी गोष्ट, बोटाने घासू नका. मुलांना घासायला फार आवडतं, कारण रंग गुळगुळीत होतो. पण घासला की कण दबतात, रंग एकमेकांत कालवले जातात आणि चित्र चिखलासारखं होतं. रेघांशेजारी रेघा ठेवा. त्या मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडा. आणि उजेड शेवटी. त्यातही आधी फिकट पिवळा. अगदी शेवटी, जिथे ऊन थेट आदळतं तिथे, निव्वळ पांढऱ्याचे चार-पाच ठिपके. सगळीकडे पांढरा फासला, तर ऊन उरत नाही, चुना उरतो.

काळा रंग टाकून द्यायचा का? मुळीच नाही. विहिरीचं तोंड आहे, अंधाऱ्या कोठीचं दार आहे, तिथे काळाच हवा. पण आपली काळी मातीसुद्धा उन्हात करडी-तपकिरी दिसते आणि पाऊस पडून गेला की निळसर काळी होते. कांडी उचलण्याआधी बघायचं, एवढंच माझं म्हणणं.

वेळही निवडावी लागते. मे महिन्याच्या २०-२२ तारखेच्या सुमारास आर्णीत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या उन्हात चित्र काढायला बसू नये, माणसाने बसूच नये! याउलट डिसेंबरच्या २२ तारखेला भर दुपारीसुद्धा माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी असते. कापसाचा हंगाम आणि लांब सावल्या आपल्याकडे एकाच वेळी येतात. चित्रकाराला याहून काय हवं? आणि रात्रीचा अभ्यास करायचा असेल, तर बाबा कंबलपोषांच्या उरुसात एखाद्या दुकानासमोर उभे राहा. पिवळ्या दिव्याखालचे चेहरे आणि त्यांच्यामागचा अंधार नीट पाहा.

अंधाराशिवाय उजेड दिसत नाही, याचं मराठी माणसाने काढलेलं उत्तम उदाहरण म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं ते चित्र अनेक जण राजा रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि तेही जलरंगातलं. दिव्यावर तिने हात आडवा धरला आहे. उजेड बोटांमधून येतो आणि बोटं लालसर दिसतात. तो दिवा इतका तेवतो, कारण भोवतालचा अंधार त्यांनी जपून रंगवला आहे. त्या अंधारात ऊब आहे.

पेस्टलचा इतिहास बघताना मला एका गोष्टीने धीर दिला. शार्दां हा फ्रेंच चित्रकार साध्या भांड्याकुंड्यांची चित्रं काढणारा. उतारवयात डोळ्यांच्या त्रासामुळे त्याला तैलरंग सोडावे लागले आणि त्याने पेस्टल हाती घेतलं. १७७१ साली, सत्तरी उलटल्यावर, त्याने चष्मा घातलेलं स्वतःचं चित्र काढलं. ते आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. दगा या चित्रकाराची नजर अधू होत गेली, तसा तोही पेस्टलकडे अधिकाधिक वळला.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे माझे डोळे. तीन वर्षांपूर्वी यवतमाळला माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवू लागतं. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी मी आर्णीत सकाळी फिरायला निघालो. एका अंगणात कापूस पडला होता. उगवतीकडची बाजू पिवळसर होती आणि मावळतीकडची, खरंच सांगतो, जांभळी.

त्या मुलीला काळी सावली शिकवली तेव्हा माझे डोळे चांगले होते. म्हणजे दोष मोतीबिंदूचा नव्हता. मी बघितलंच नव्हतं. ती आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. लग्न होऊन कुठे गेली असेल, तिची मुलं चित्रं काढत असतील. रेडिओवर हे बोललो, ते कदाचित तिच्या कानावर पडेल, या आशेने. बाई, तुझी सावली बरोबर होती.

आणि तुमच्या घरातलं मूल उद्या जांभळी सावली, हिरवं आभाळ किंवा निळं झाड काढून तुमच्यासमोर आलं, तर कांडी हातात घेऊ नका. आधी विचारा, “कुठे पाहिलंस?” आणि त्याच्याबरोबर बाहेर जाऊन बघून या.