फुकट वेगळे, मुक्त वेगळे

नाशिककरांना ‘मुक्त’ हा शब्द नवा नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना पदवीचे दार उघडले. आता धडेही मुक्त मिळू लागले आहेत आणि आमच्या घरांना त्यांची गरज आहे. मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी सफाईने वाचायची असते, तर नाशिकच्या मराठी शाळेतल्या मुलीला दादीजानची उर्दू किताब. मोबाईलवर भाषा शिकवणाऱ्या बाजींनी प्रत्येक धडा नव्याने तरी किती लिहायचा?

‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत चित्रकथा आहेत. त्या नुसत्या वाचायच्या नाहीत. परवान्यानुसार त्यांचे भाषांतर करता येते, त्यात बदलही करता येतात. पहिल्या पातळीची छोटी गोष्ट घ्यावी. मराठी आणि उर्दू वाक्ये समोरासमोर ठेवावीत. जड शब्दाच्या जागी घरात बोलला जाणारा शब्द घालावा. उर्दूत ‘बे’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळे दिसते. गोष्टीतले असे शब्द रंगवून दाखवावेत. मग आपल्या आवाजात गोष्ट रेकॉर्ड करून पाठवावी. एका गोष्टीत आठवडाभराचा अभ्यास होतो.

पण फुकट मिळाले म्हणजे मुक्त झाले, असे नाही. बालभारतीची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात, तरी त्यांचे हक्क राखीव आहेत. ती वाचावीत, शिकवावीत. त्यांतले धडे आपल्या नावाने छापू नयेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवानेही सारखे नसतात. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ असेल तर त्यावर कमाई करता येत नाही. ‘एनडी’ असेल तर बदललेले रूप, अगदी भाषांतरसुद्धा, इतरांना वाटता येत नाही.

म्हणून धड्याखाली दोन ओळी लिहाव्यात: लेखक, चित्रकार आणि भाषांतरकाराचे नाव, परवाना, आणि आपण काय बदलले ते. दुसऱ्याची मेहनत ही अमानत आहे. नाव पुसून धडा पुढे पाठवणे ही त्या अमानतीतली खयानतच.

आणि घेतले तसे परतही द्यावे. एखादी मराठी गोष्ट सोप्या उर्दूत आणून तिथेच ठेवली, तर ती अनोळखी घरातल्या मुलालाही वाचता येईल. नफा देणारे इल्म माणसामागे चालू राहते, हे आपण जाणतोच.